आधी वैद्याचं नाव

लखाई दारात आली तेव्हा तिच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं, आणि मी नुकताच घातलेला सडा तिच्या चिखलाच्या पायांनी पार बरबटून गेला. लखाई म्हणजे माझी भावजय, नदीपलीकडच्या माझ्या माहेरची. नाव काठाला लागेपर्यंत तिला धीर धरवला नव्हता, कमरेएवढ्या पाण्यात तिनं उडी टाकली होती. केस सुटलेले, कुंकू ओघळून नाकावर आलेलं.

"वन्सं, भावोजींना पाठवा. आत्ताच्या आत्ता पाठवा. ह्यांचा गळा पार बंद झालाय. पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही."

'ह्यांचा' म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, सारंगचा.

आमचे हे ओसरीवर खलात काहीतरी घोटत बसले होते. कसबेगावातले नावाजलेले वैद्य. त्यांनी मान वर करून लखाईला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. बत्ता थांबला. मला वाटलं, आता उठतील, अंगावर उपरणं घेतील. कसलं काय! बत्ता पुन्हा खलात फिरू लागला.

"ऐकलंत ना?" मी म्हटलं.

"ऐकलं. आणि पाहिलंही." आवाज असा की जणू पंचांग वाचतायत. "ओलं वस्त्र. मोकळे केस. रडवेलं तोंड. दक्षिणेकडून येणं. त्यात बाईमाणूस. आणि आता ती काय करते आहे बघ."

मी वळून पाहिलं. लखाई बिचारी वळचणीखाली उभी राहून छपराची एक एक काडी ओढत होती आणि कटाकट मोडत होती. तिचं तिलाही भान नव्हतं.

"दूतानं काडी मोडली की रोग्याची आशा सोडायची," हे म्हणाले. "मी येऊन काही उपयोग नाही. तिला कोरडं नेसायला दे. दूध दे."

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण हल्ली कुणी एवढं बघत नाही. आमच्या वेळी वैद्य रोग्याच्या आधी दूताला तपासायचा. रोग्याच्या घरून बोलावणं घेऊन येतो तो दूत. त्याचे कपडे कसे, तो उभा कसा राहिला, पहिला शब्द कोणता बोलला, यावरून रोगी जगणार की जाणार ते ठरायचं. दूत अशुभ तर रोग असाध्य. आणि असाध्य रोग्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की वैद्याचं यश गेलं. सगळेच वैद्य हे मानायचे, पण गरज पडली की डोळ्यांवर कातडं ओढायचे. पोट सगळ्यांनाच असतं, आणि दयाही.

आमचे हेही पूर्वी तसेच होते. मग आधीच्या गावी देशमुखाचा पुतण्या ह्यांच्या सुरीखाली गेला. लग्न ठरलेलं पोर. आम्हाला संध्याकाळच्या आत गाव सोडावं लागलं, मागून दगड येत होते आणि मी डोक्यावर खल घेऊन चालले होते. वाटेत हे एवढंच म्हणाले, "दूत ओलेता आला होता. मी पाहिलं आणि सोडून दिलं." तेव्हापासून सुरी पेटीत गेली ती गेलीच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, ह्यांनी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला सुरुवात केली. काढे द्यायचे, लेप द्यायचे, पण बोलावणं आलं की आधी दूताकडे बघायचे. किती जणांना दारातून परत पाठवलं त्याची गणती नाही. मी गप्प बसायचे. दुसऱ्याचा भाऊ होता ना तो, दुसऱ्याचा बाप. माझं काय जात होतं!

त्या दिवशी मात्र माझा भाऊ होता.

आई गेली तेव्हा सारंग रांगत होता. माझ्या कडेवर वाढला तो. माझं लग्न लागलं तेव्हा अंतरपाटाखालून येऊन माझ्या पायाला मिठी मारून बसला होता, भटजींना मंगलाष्टकं थांबवावी लागली. मोठेपणी गावात पुराण सांगायला लागला. आवाज असा गोड की नदीवर कपडे धुणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. आणि आता त्याच गळ्यातून पाणी उतरत नव्हतं.

लखाईला मी मागच्या दारानं आत ओढलं. "नीट सांग. काय झालं?"

"आधी नुसतं दुखत होतं. मग एका बाजूनं मान सुजली. आता तोंड उघडत नाही, बोटभरसुद्धा नाही. लाळ गळते. बोलतात ते तोंडात कढत घास धरल्यासारखं. आडवं झालं की गुदमरतात, म्हणून पहाटेपासून खांबाला टेकून बसलेत." आणि मग हुंदका. "वन्सं, माझ्याकडे असं बघतात, असं बघतात हो..."

"रडू नकोस. रडणं हेच नडतंय."

मला एकच सुचलं. तिला पुसलं, केस विंचरून घट्ट अंबाडा बांधला, माझं हळदी काठाचं धुवट लुगडं नेसवलं, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. परसातलं तगरीचं फूल तोडून हातात दिलं.

"आता पुढच्या दारानं जायचं. शांत उभं राहायचं. आणि हसायचं."

"कशी हसू हो?"

"नुसते दात दाखव. बाकीचं मी बघते."

गेली बिचारी. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, फूल पुढे केलं आणि दात दाखवले. देवा! असलं हसू मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायला नको. डोळ्यांतून धारा आणि खाली ते दात.

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे. "दूत म्हणजे काय दशावतारी सोंग आहे? दूत एकदाच येतो. पहिला आला तो खरा."

"तो तुमचा मेव्हणा आहे हो!"

"म्हणून काय शास्त्र बदलेल?"

नदीच्या बाजूनं नावाड्याची हाक आली. वारा फिरायच्या आत निघायचं असेल तर निघा, नाहीतर आज पलीकडे जाणं नाही, असं तो ओरडत होता. लखाईनं माझा हात धरला.

"ठीक आहे," मी म्हटलं. "हा दूत वाईट. मग दुसरा दूत पाठवतो सारंग. मी येते दूत होऊन."

"तू?"

"का? त्याच्या रक्ताची आहे. आंघोळ झाली आहे. केस बांधलेले आहेत. रडत नाही. मी घरातून निघून वेशीपर्यंत जाईन आणि उत्तरेकडून येईन, मग तर झालं? आणि बाईमाणूस म्हणाल, तर बाळंतिणीसाठी तुम्हाला बोलवायला येतात ते काय पैलवान असतात?"

त्यांनी बत्ता बाजूला ठेवला. माझ्याकडे न बघता खलातलं औषध बोटानं गोळा करत राहिले. मग सावकाश म्हणाले,

"दूतानं निरोप कसा सांगायचा याचाही नियम आहे. आधी वैद्याचं नाव घ्यायचं, मग रोग्याचं. दोन्ही नावं, याच क्रमानं, स्वतःच्या तोंडानं. तसं झालं नाही तर निरोप पोहोचलाच नाही असं धरतात."

आणि उठून आत गेले.

मी तिथंच उभी. लखाईचं तोंड उघडं ते उघडंच. "वन्सं, नाव? नवऱ्याचं? तोंडानं?"

हल्लीच्या पोरींना हे सांगून कळायचं नाही. आम्ही नवऱ्याचं नाव घ्यायचो नाही. त्या नावाचा देव असला तरी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारायचो. नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडी आलं की त्याच्या आयुष्यातलं तेवढं कमी होतं, हे आम्हाला दुधाच्या दातांबरोबर शिकवलेलं. माझी एक आतेबहीण झोपेत बरळली होती नाव, आणि तिचा नवरा त्याच साली कावीळ होऊन गेला. झोपेत बरळली, तरीही! मला जागेपणी, भर दुपारी, गल्लीला ऐकू जाईल असं घ्यायचं होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. नाव घेतलं नाही तर भाऊ जातो. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तोडून भावाला दिल्यासारखं. बरं, आमचं भांडण कितीही असो, तो माणूस मला नकोसा होता असं नाही हो. दगड पडत होते तेव्हा माझ्या मागे चालला होता तो, माझ्या पाठीला लागू नयेत म्हणून. मी परसात गेले, आत आले, पुन्हा परसात गेले. तुळशीपाशी उभी राहिले, तर तिच्यापुढे काय मागायचं तेच कळेना. तोंडात ते नाव आलं होतं आणि दात आवळून मी ते आत दाबून धरलं होतं. नावाडी पुन्हा ओरडला.

"चला, मी जाते," लखाई म्हणाली. "निदान त्यांच्याजवळ तरी असेन." लुगडं सावरून ती निघालीच.

आणि तेव्हा मला सुचलं. अगं बाई, नाव आपण घेत नाही असं कुठंय? घेतो की! लग्नात घास भरवताना घेतो, हळदीकुंकवाला घेतो, मंगळागौरीला तर सगळ्याजणी हात धरून घ्यायला लावतात. तेव्हा नाही कुणाचं आयुष्य कमी होत. उलट सगळ्या म्हणतात, औक्षवंत हो! नुसतं नाव घेतलं तर पाप, आणि उखाण्यात गुंफून घेतलं तर पुण्य. ह्यांनी नाव घ्यायला सांगितलं होतं. कसं घ्यायचं ते कुठं सांगितलं होतं?

"थांब," मी लखाईला म्हटलं आणि धावले.

वेशीपर्यंत गेले. शप्पथ सांगते, जाताना पळत गेले आणि येताना नवरीसारखी पावलं टाकत आले, उत्तरेकडून, हातात तगरीचं फूल घेऊन. शेजारची सोनाराची पदुमाई दारात तांदूळ निवडत होती. "आज काय मंगळागौर आहे का गं?" म्हणाली. मी हसले. माझं हसू बहुतेक बरं जमलं, कारण तीही हसली आणि सूप घेऊन मागोमाग आली, काय आहे ते बघायला. तिला पाहून आणखी दोघी आल्या.

आमच्या दारात मी उभी राहिले. हे खिडकीपाशी पाठ करून बसले होते. मी घसा खाकरला.

"औषधाच्या पेटीला चंदनाचा वास,
पद्मनाभ आले तर सारंग घेईल श्वास."

आधी वैद्याचं, मग रोग्याचं.

पदुमाई आणि त्या दोघी "वा गं वा!" करून हसल्या. त्यांना काय माहीत! हे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, की आनंद नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हाक मारल्यावर माणूस दचकून बघेल तसे बघत होते. मग उठले. झोळीत काढ्याच्या पुड्या भरल्या, लेपाची डबी टाकली, उपरणं घेतलं आणि माझ्या अंगावरून नदीकडे चालू लागले.

झोळीत त्यांनी काय घातलं ते मी पाहिलं होतं. काय घातलं नाही तेही. मी आत गेले, फळीवरची शस्त्रांची पेटी पदराखाली घेतली आणि त्यांच्यामागे निघाले.

नावेत पेटीचा कोपरा पदरातून दिसला.

"ते कशाला?" हे म्हणाले.

"असू दे. मला ओझं होत नाही."

वारा अंगावर येत होता, नावाडी शिव्या घालत वल्हं मारत होता. लखाई पलीकडच्या काठाकडे बघत बसली होती. हे मात्र पाण्याकडे बघत होते, आणि अंगठा तर्जनीवर सारखा घासत होते.

सारंगला पाहिलं. खांबाला टेकून बसला होता, मान पुढे, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. चेहरा काळवंडला होता. श्वास घेताना गळ्यात घरघर व्हायची. मला पाहून "आक्का" म्हणाला असेल, पण आलं ते नुसतं "आ...". ह्यांनी त्याच्या जबड्यावर, मानेवर हात फिरवला. दाभणाएवढी लाकडी पाचर दातांत सरकवून, हळूहळू, अंगठ्यानं दाबत तोंड जेमतेम उघडलं.

"उजेड पाहिजे."

मी अंगणात जाऊन घासलेली पितळी थाळी आणली. दारातून ऊन आत येत होतं. थाळी तिरकी धरून त्याचा कवडसा सारंगच्या तोंडात पाडला. ह्यांनी वाकून पाहिलं, आणि तसेच वाकून राहिले. मीही पाहिलं. घशाच्या एका बाजूला लालभडक फुगा आला होता, पडजीभ पार दुसऱ्या भिंतीला ढकललेली.

"लेपानं जाईल का?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"नाही."

"काढ्यानं?"

"गिळता आलं तर काढा." त्यांनी पाचर काढली. सारंगचं तोंड मिटलं. "संध्याकाळपर्यंत आत फुटेल किंवा श्वास कोंडेल. फुटलं तरी पू श्वासात जाईल."

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि झाकण उघडलं.

त्यांनी एकेका पात्यावरून बोट फिरवलं. मग एक अरुंद पात्याची सुरी घेतली, चुलीतल्या निखाऱ्यावर धरली, आणि सुताचा दोरा घेऊन पात्यावर गुंडाळायला लागले. टोकाची तांदळाएवढी धार उघडी ठेवायची आणि बाकी सगळं पातं दोऱ्यात झाकायचं, म्हणजे खोल जाऊ नये. दोरा गुंडाळला, सुटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. हात थरथरत होते. लखाईला त्यांनी पाणी तापवायला आत पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"अगं, एक सांगायचंय. तो नावाचा नियम कुठल्याच पोथीत नाही."

"म्हणजे?"

"दूताचे कपडे, केस, काडी, ते सगळं आहे. आधी वैद्याचं नाव, मग रोग्याचं, हे नाही. मी तिथल्या तिथं रचलं. तू घेणार नाहीस म्हणून."

थाळी माझ्या हातात होती. ती त्यांच्या डोक्यात घालावी इतका राग आला मला. मी तिथं तुळशीपुढे जीव तोडत होते, तुमच्या आयुष्यासाठी तळमळत होते, आणि तुम्ही...! "का?" एवढंच तोंडातून निघालं.

"लखाईनं दारात सांगितलं, गळा बंद झालाय, पाणी उतरत नाही. मला तेव्हाच कळलं, इथं सुरी लागणार." दोरा पुन्हा सुटला. "देशमुखाच्या पुतण्याचंही हेच होतं. इथंच, ह्याच जागी. सुरी केसभर आत गेली. दूत कसा होता ते मी नंतर आठवून आठवून काढलं. काहीतरी आधार पाहिजे होता मला." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते परक्याचं पोर होतं. हा तुझा. हा माझ्या हातून गेला तर?"

सारंग ऐकत होता. बोलता येत नव्हतं, पण कान शाबूत होते त्याचे. तो माझ्याकडे बघत होता आणि हेही माझ्याकडे बघत होते.

काय सांगू? म्हणू का, तुमचा दोष नाही, देवाची मर्जी? तोंडावर आलं होतं. पण खोटं बोलून त्या हाताचा थरकाप गेला नसता. ते मला ओळखत होते.

"खोटं कशाला बोलू?" मी म्हटलं. "राग धरीन. जन्मभर धरीन. तुमच्याशी धड बोलणार नाही. पण तो तुमच्याच घरात, तुमच्याच चुलीपाशी बसून धरीन. तुम्हाला टाकून इथं माहेरी येऊन बसणार नाही. आता दोरा नीट बांधा."

त्यांनी नाकातून एक श्वास सोडला, हसल्यासारखा. दोरा गुंडाळला. सुटला नाही.

"लखाई," त्यांनी हाक मारली. "ये. डोकं धर त्याचं. मागून. छातीशी आवळून धर. आणि मी म्हणालो की एकदम पुढे वाकव, वाट बघू नकोस." मग सारंगला म्हणाले, "पुराणिकबुवा, तुमच्या कथेतले राक्षस फार ओरडतात. तुम्ही ओरडू नका."

मी थाळी धरली. पाचर गेली. कवडसा हलला, कारण मी हलले. "स्थिर," हे म्हणाले. मी श्वास धरला. त्यांचा हात तोंडात गेला आणि आता त्या हाताला मुळीच कंप नव्हता. मी डोळे मिटणार होते, पण मग उजेड कुणी धरायचा?

एक बारीकसा आवाज झाला. कोवळी भेंडी मोडताना होतो तसा.

"वाकव!"

लखाईनं त्याला पुढे ढकललं, आणि सारंगच्या तोंडातून पू आणि रक्त भळाभळा जमिनीवर आलं. घाण तरी केवढी, सगळं घर भरलं. आणि मग सारंग गप्प झाला. अंग सैल पडलं. घरघर थांबली. लखाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ह्यांच्याकडे. ह्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी त्याच्या पाठीत दोन थपडा मारल्या, जोरानं. तिसरी मारणार तेवढ्यात सारंगनं श्वास घेतला. लांब, खोल, छाती भरून, कुठलीही घरघर नसलेला श्वास. थुंकला. पुन्हा श्वास घेतला. आणि मग खणखणीत नाही, पण स्वच्छ, कळेल अशा आवाजात म्हणाला,

"दाजी, मेल्या, हात आहे की मुसळ?"

जावयाला! आमच्या घराण्यात जावयाला कुणी उणा शब्द काढला नव्हता तोवर. लखाई तोंडात बोट घालून उभी राहिली. आणि आमचे हे, दूताच्या अंगावर ओलं वस्त्र दिसलं तरी तोंड फिरवणारे, जमिनीवर त्या घाणीतच बसले आणि लहान पोरासारखे रडले. रडता रडता म्हणत होते, "बोल, आणखी बोल. शिव्या दे."

मी राग धरणार होते ना, त्या खोट्या नियमाबद्दल? धरलाही. बरेच दिवस धरला. पण त्या क्षणी मी ती थाळी खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला, माझ्या भावजयीसमोर, दिवसाढवळ्या. आजही लाज वाटत नाही.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. नाव घेतल्यानं आयुष्य तुटलं असेल, तर मुळात केवढं होतं कोण जाणे. सारंगनं आणखी कितीतरी चातुर्मास पुराण सांगितलं. आता दोघंही नाहीत.

त्या दिवशी सारंगनं थोडं कोमट दूध घेतलं आणि पहिल्यांदा आडवा झाला. झोपला. लखाईनं घर सारवून काढलं आणि जावयासाठी पाट मांडला. घरात होतं नव्हतं ते शिजवलं, वर तुपाची धार सोडली. हे हातपाय धुऊन पाटावर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या. पहिला घास कालवला आणि दारात कुणीतरी आलं.

खालच्या आळीतली कुंभारीण होती. हात कोपरापर्यंत चिखलाचे, डोक्यावरचा पदर गळून पडलेला, रडून डोळे सुजलेले. गावात वैद्य आल्याचं तिला नदीवर कळलं होतं. तिला नीट बोलताही येत नव्हतं. "पोर... भट्टीशी... पाय..." एवढंच म्हणत होती आणि दाराची चौकट नखांनी ओरबाडत होती.

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांकडे नाही, हातांकडे नाही. तोंडाकडे. "कुठला पाय? फोड आलेत की कातडं गेलंय?" असं विचारत विचारतच ते उठले. कालवलेला घास ताटात तसाच. झोळी खांद्याला लावली, शस्त्रांची पेटी स्वतःच्या हातानं उचलली, आणि कुंभारणीच्या पुढेच चालायला लागले. घर कुठलं ते तिला मागून सांगावं लागत होतं.

मला हसू आलं की रडू आलं, कुणास ठाऊक. दोन्ही आलं. मी दारापर्यंत धावले. "अहो, दोन घास खाऊन तर जा!"

ते वळलेसुद्धा नाहीत. हात तेवढा वर केला.

"झाकून ठेव," म्हणाले.